विश्लेषण : चाके नसलेल्या जुन्या ट्रॅक्टरची भुरळ कशामुळे?

नांदेड-लातूरच्या काळ्या रानात भर पावसाळ्यात ट्रॅक्टर रुतला की काय होते, हे इथल्या वाचकांना सांगायला नको. ओढायला दुसरा आणावा, तर तोही रुततो. चेनवर चालणारा ट्रॅक्टर, म्हणजेच क्रॉलर, याच अडचणीतून जन्मला. कॅलिफोर्नियात स्टॉकटनजवळच्या भुसभुशीत जमिनीत वाफेची अवजड इंजिने फसायची. बेंजामिन होल्ट यांनी नोव्हेंबर १९०४ मध्ये मागची चाके काढून लाकडी फळ्यांची साखळी बसवली आणि यंत्र न रुतता चालले. त्यांची कंपनी १९२५ मध्ये बेस्ट कंपनीत मिसळून ‘कॅटरपिलर’ झाली. आज तिच्या जुन्या यंत्रांच्या मालकांचा अमेरिकेत स्वतंत्र क्लब आहे.

तीन टन, तरी रुतत नाही

१९३८ ते १९५७ या काळात बनलेला ‘डी२’ घ्या. वजन साधारण तीन टन. पण ते दोन लांब पट्ट्यांवर पसरते, त्यामुळे दर चौरस सेंटीमीटरवर भार येतो जेमतेम ३५० ग्रॅम. चालताना एका पायावर आलेल्या माणसाचा दाबही जवळपास तेवढाच!

याला गोल स्टिअरिंग नाही. उजवा दांडा ओढला की उजव्या चेनचा क्लच सुटतो, डावी चेन ओढत राहते आणि यंत्र उजवीकडे वळते. सुरू करणे तर सोहळाच. आधी दोन सिलिंडरचे छोटे पेट्रोल इंजिन हाताने सुरू करायचे. ते मोठ्या डिझेल इंजिनाला फिरवते. दोघांचे पाणी एकच, त्यामुळे डिझेल इंजिन आधीच कोमट होते. चार वर्षे इंजिनीअरिंग करूनही मोबाइलच्या आत काय चालते, ते मी कुणाला बोटाने दाखवू शकत नाही. इथे ते दाखवता येते. वेड आहे ते याचेच.

आपल्याकडे भंगारात

भारतात हे यंत्र हौसेसाठी आले नव्हते. कांस गवताने पडीक पाडलेली मध्य भारतातील जमीन खोल नांगरण्यासाठी सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशनने क्रॉलर वापरले. त्यासाठी १९४९ मध्ये जागतिक बँकेने १ कोटी डॉलरचे कर्ज दिले होते.

बंद पडलेले चेनचे यंत्र आपल्याकडे सहसा किलोच्या भावाने जाते. खरे तर ही हौस आपल्याला परकी नसावी. माळेगावच्या यात्रेत लाल कंधारी वळूभोवती जमलेले सगळेच काही तो विकत घ्यायला आलेले नसतात.

शेडमागे असे एखादे धूड पडून असेल, तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी नंबर पाहा. डी२ वर ‘५यू’ने सुरू होणारा क्रमांक असेल तर ते १९४७ ते १९५७ मधले. घेणाऱ्यांनी मात्र इंजिन सुरू झाले म्हणून हुरळू नये. खरा खर्च चेन, रोलर आणि दातेरी चाकांत असतो. दाते झिजून टोकदार झाले असतील तर खिसा सांभाळा. लोखंडी चेन डांबरी रस्त्यावर चालवता येत नाही, त्यामुळे ट्रेलरचे भाडे वेगळे. आणि वर्षानुवर्षे उभ्या यंत्राचे वळणाचे क्लच गंजून चिकटतात. व्यवहाराआधी दोन्ही दांडे ओढून ते दोन्ही बाजूंना वळते का, हे पाहाच.