यकृतातला पारा आणि मथळ्यातला आकडा

किनाऱ्यावर मेलेला डॉल्फिन सापडतो, त्याच्या यकृताचा तुकडा प्रयोगशाळेत जातो आणि काही दिवसांनी बातमी येते: मर्यादेच्या शंभर पट पारा. वाचणारा लगेच निष्कर्ष काढतो की जनावर पाऱ्यानं मेलं. पण ही मर्यादा माणसानं खायच्या माशांसाठी ठरवलेली असते; अनेक देशांत ती किलोमागे अर्धा ते एक मिलिग्रॅमच्या आसपास आहे. डॉल्फिनच्या यकृताला किती पारा झेपतो, हे तिच्यावरून कळत नाही. भूमध्य समुद्रातल्या वयस्क डॉल्फिनांच्या यकृतात किलोमागे शेकडो मिलिग्रॅम पारा मोजला गेला आहे. इतका साठा एका दिवसात होत नाही. तो अंगात वाढत असताना ही जनावरं वर्षानुवर्षं पोहत होती, शिकार करत होती, पिल्लं वाढवत होती.

त्यांना हे जमतं कसं, याचा धागा १९७३ मध्ये हाती लागला. सील आणि डॉल्फिनांच्या यकृतात पाऱ्याच्या जवळपास प्रत्येक अणूमागे सेलेनियमचा एक अणू असतो, असं डच संशोधकांना आढळलं. १९८० मध्ये एका चोचवाल्या देवमाशाच्या यकृतात टायमनाइटचे, म्हणजे पारा आणि सेलेनियमच्या खनिजाचे, सूक्ष्म कण सापडले. एरवी हे खनिज खडकात मिळतं. माशांतून येतो तो मिथाइल पारा. यकृत त्याचा मिथाइल गट काढून टाकतं, उरलेल्या पाऱ्याला सेलेनियमशी जखडतं आणि न विरघळणारे कण करून बाजूला ठेवतं. वय वाढतं तसा यकृतातला एकूण पारा वाढतो, पण त्यातला मिथाइल पाऱ्याचा वाटा घटत जातो. म्हणजे मथळ्यातला मोठा आकडा बराचसा या निष्क्रिय कणांचा असू शकतो. पारा कोणत्या रूपात आहे आणि कोणत्या अवयवात आहे, हे कळल्याशिवाय त्या आकड्याला फारसा अर्थ नाही.

दुसरा गैरसमज चरबीचा. देवमाशाच्या कातडीखाली चरबीचा जाड थर असतो, तेव्हा सगळं विष तिथंच साठत असणार असं वाटतं. डीडीटी आणि पीसीबी यांच्या बाबतीत ते खरं आहे. धातूंची ओढ मात्र प्रथिनांकडे, त्यातही प्रथिनांतल्या गंधकाकडे असते. म्हणून पारा यकृतात, स्नायूंत आणि मेंदूत सापडतो, तर कॅडमियम मुख्यतः मूत्रपिंडात. चरबी तपासून धातू कमी निघाले, तर त्यावरून जनावर स्वच्छ ठरत नाही. शिवाय हे धातू कातडीतून झिरपत नाहीत. देवमाशाला कल्ले नसतात, त्यामुळे माशासारखा तो पाण्यातून थेट धातू ओढून घेत नाही. पारा आणि कॅडमियम त्याच्यात शिरतात ते प्रामुख्यानं तोंडावाटे, अन्नातून. पाण्यात नगण्य असलेला मिथाइल पारा अन्नसाखळीच्या पायरीपायरीनं दाट होत जातो आणि मोठ्या शिकारी माशापर्यंत पोचेतो पाण्यातल्यापेक्षा लाखो पट झालेला असतो.

कॅडमियमची वाट वेगळी. तो माकूलसारख्या जिवांच्या अंगात भरपूर असतो, त्यामुळे माकूल खाणाऱ्या देवमाशांत तो जास्त आढळतो. पेशी त्याला मेटॅलोथायोनिन नावाच्या प्रथिनात अडकवून ठेवतात. गंधकानं भरलेलं हे प्रथिन १९५७ मध्ये पहिल्यांदा ओळखलं गेलं, तेही घोड्याच्या मूत्रपिंडात. ग्रीनलंडच्या काही रिंग्ड सीलांमध्ये इतका कॅडमियम होता की माणसाच्या मूत्रपिंडाला तो जड गेला असता. तरीही सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या मूत्रपिंडात त्यानं झालेली ठळक इजा दिसली नाही.

इथं लगेच उलट टोकाचा गैरसमज हजर होतो: निसर्गानं सोय केलीच आहे, मग काळजी कशाला? हा मला पहिल्यापेक्षा घातक वाटतो, कारण तो अर्धवट खरा आहे. यकृताची सोय मेंदूच्या कामी पुरेशी येत नाही. मिथाइल पारा सिस्टीन या अमिनो आम्लाला चिकटतो आणि ही जोडी दुसऱ्या एका अमिनो आम्लासारखी, मेथिओनिनसारखी दिसते. मेंदूच्या रक्तवाहिन्यांतल्या पेशी तिला अन्न समजून आत घेतात. आत गेल्यावर हा पारा पेशीचा आकार सांभाळणाऱ्या सूक्ष्मनलिका मोडतो. वाढत्या मेंदूतल्या पेशींचं विभाजन आणि स्थलांतर या नलिकांवरच चालतं. मिथाइल पारा वारेतूनही गर्भापर्यंत पोचतो. जपानच्या मिनामाता उपसागराकाठी १९५० च्या दशकात मांजरं, माणसं आणि जन्मजात आजारी मुलं यांच्या रूपानं जगानं हे पाहिलं. दुसरं असं की सेलेनियम फुकट मिळत नाही. ऑक्सिडीकरणाच्या माऱ्यापासून पेशीला वाचवणाऱ्या काही विकरांना तेच लागतं. पाऱ्यामागे ते खर्ची पडत गेलं, तर संरक्षणासाठी कमी उरतं.

रोगप्रतिकारक पेशी तर आणखी नाजूक. कॅनडातल्या प्रयोगांत बेलुगा देवमाशांच्या लिम्फोसाइट पेशींना पारा आणि कॅडमियमचा संपर्क दिला, तेव्हा त्यांचं विभाजन मंदावलं. २००१ मध्ये ब्रिटनच्या किनाऱ्यांवरच्या मृत पॉर्पॉइजांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जाळ्यात अडकून किंवा मार लागून मेलेल्यांपेक्षा संसर्गानं मेलेल्यांच्या यकृतात पारा जास्त होता. यावरून पाऱ्यानंच त्यांना मारलं, असं मात्र म्हणता येत नाही. आजारानं खंगलेल्या जनावराचं यकृत आटतं आणि त्यातला धातू दाट होतो, असंही घडू शकतं. संशय घेण्याइतका पुरावा आहे, निकाल देण्याइतका नाही.

‘हा कारखान्यांजवळच्या किनाऱ्यांचा प्रश्न, खोल समुद्र सुरक्षित’ या समजाला छेद दिला तो स्पर्म व्हेलनी. २००० ते २००५ या काळात एका संशोधन नौकेनं जगभर फिरून ३६१ स्पर्म व्हेलच्या कातडीचे छोटे नमुने घेतले. त्यांत क्रोमियम सर्वत्र सापडला, वस्तीपासून फार दूरच्या समुद्रांतही. क्रोमियमचं षट्संयुजी रूप गुणसूत्रं तोडतं. प्रयोगशाळेत वाढवलेल्या देवमाशांच्या पेशींतही ते दिसलं. पण उत्तर अटलांटिकमधल्या राइट व्हेलच्या फुप्फुसाच्या पेशींनी एक वेगळंच दाखवलं. दीर्घ संपर्कात माणसाच्या पेशींची डीएनए-दुरुस्ती कोलमडते, यांची टिकून राहते. ती का टिकते, याच्या उत्तरात माणसाच्या कर्करोग-संशोधकांनाही रस असणार. पाऱ्याचं म्हणाल तर तो हवेतूनच जगभर पसरतो, कोळशाच्या धुरासोबतही. उत्तर ध्रुवाकडच्या प्राण्यांच्या जुन्या आणि नव्या दातांची, केसांची तुलना केली तर आजच्या पाऱ्यातला ९० टक्क्यांहून अधिक भाग माणसानं घातलेला ठरतो.

आपल्याकडे ठाणे खाडीतल्या पाऱ्यावर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या झिंगडे आणि देसाई यांचा शोधनिबंध १९८१ मध्येच आला होता. कोकण किनाऱ्यालगत, खाड्यांच्या मुखाशी वावरणारा हंपबॅक डॉल्फिन या प्रश्नाच्या थेट वाटेवर आहे. पण पावसाळ्यात किनाऱ्याला लागणारं धूड बहुधा कुजलेलं असतं. कुजलेल्या यकृतातला धातू मोजता येतो. पेशी मात्र मृत्यूनंतर काही तासांतच स्वतःला विरघळवू लागतात, त्यामुळे इजा झाली होती का, हे सांगता येत नाही. तुकडा ताजा असताना फॉर्मलिनमध्ये गेला, सोबत मेंदू आणि मूत्रपिंडाचे नमुने घेतले, दातावरून वय काढलं, पाऱ्याबरोबर सेलेनियम आणि मिथाइल पारा वेगळा मोजला, तर पाऱ्याचा त्या मृत्यूशी काही संबंध होता का, यावर बोलता येईल.