गावाची बातमी ‘फोटो’त अडकली

जगाच्या बातम्या अंध माणसाच्या कानापर्यंत पोहोचतात. अडते ती शेजारच्या गावची. नागझिऱ्याच्या कडेला राहणाऱ्याला हे परवडणारं नाही. ती अडलेली बातमी सोडवायला काय लागतं? एक फोन, पाच मिनिटं आणि नीट वाचणारा एक आवाज.

एक प्रयोग करा. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’त जाऊन ‘टॉकबॅक’ सुरू करा. (बंद कसं करायचं ते आधी बघून ठेवा, नाहीतर पंचाईत.) आता बोट जिथे जाईल तिथे काय आहे ते फोन बोलून सांगेल. काही उघडायचं असेल तर दोनदा टॅप. डोळे मिटा, तुमच्या गावाच्या किंवा वॉर्डाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जा आणि आज गावात काय झालं ते शोधून काढा.

मी हे आमच्या तालुक्याच्या ग्रुपवर करून बघितलं. पेपरच्या कात्रणाचा फोटो होता. फोन म्हणाला, ‘फोटो’, आणि पाठवल्याची वेळ. शिक्का मारलेल्या सूचनापत्राचा फोटो. परत ‘फोटो’. वीज कधी जाणार त्याची सूचना. तीही ‘फोटो’. एक पीडीएफ उघडली, तर तिच्यातलं मराठी जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं. फोन इंग्रजी अक्षरांची खिचडी वाचत सुटला. शेवटी कुणीतरी टाकलेली एक व्हॉइस नोट सापडली. अख्ख्या ग्रुपमधली तेवढीच एक बातमी मला कळली.

मास कॉमच्या पहिल्याच सेमिस्टरला शिकवतात, बातमीचं मोल ठरवणारी एक मोठी गोष्ट म्हणजे जवळीक. घटना जितकी जवळची, तितकी बातमी मोठी. अंध आणि अल्पदृष्टी माणसाच्या बाबतीत मात्र हे उलटं होऊन बसलंय. दिल्लीत काय चाललंय ते रेडिओ सांगतो, टीव्ही सांगतो, यूट्यूब सांगतं. पलीकडच्या टोल्यावर काय झालं, ते मात्र कात्रणात बंद.

वाघिणीचा रेडिओ आणि आपला

ही अडचण किती खरी आहे ते नागझिऱ्यात लगेच लक्षात येतं. नागझिरा १९७०मध्ये अभयारण्य झालं. २०१३च्या डिसेंबरमध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. गोंदिया आणि भंडारा या दोन जिल्ह्यांत पसरलेल्या या जंगलाच्या कडेने गावं आहेत, धानाच्या बांध्या आहेत, तलाव-बोड्या आहेत. उन्हाळ्यात मोहफुलं आणि तेंदूपत्ता गोळा करायला माणसं पहाटेच जंगलाकडे निघतात.

२० मे २०२३ रोजी ब्रह्मपुरीकडच्या दोन वाघिणी इथे आणून सोडल्या. त्यांच्या गळ्यात रेडिओ कॉलर. वाघीण कुठे आहे, हे वनविभागाला त्या कॉलरमुळे कळतं. गावाला ते कळतं सूचनेमुळे, आणि सूचना येते फोटो होऊन. म्हणजे वाघिणीचा ठावठिकाणा सांगणारा रेडिओ आहे, पण शेताच्या वाटेवर वाघ दिसला हे गावातल्या अंध आजोबांना सांगणारा नाही. अल्पदृष्टी असलेल्या माणसाला पहाट आणि संध्याकाळ ही सगळ्यात अवघड वेळ. कमी उजेडात उरलंसुरलं दिसणंही कमी होतं. जंगलाच्या कडेला जास्त सावध राहायची वेळही नेमकी तीच.

वाघ सोडा, रोजच्या गोष्टी बघा. एसटीची वेळ बदलली. धान खरेदी केंद्र सुरू झालं. निराधार योजनेसाठी कागद जमा करायची शेवटची तारीख आली. जिल्हा रुग्णालयात दिव्यांग प्रमाणपत्रासाठी तपासणी कधी आहे ती तारीख आली. आता हीच तारीख फोटोतून पाठवायची, याला काय म्हणायचं?

‘घरातलं कुणीतरी वाचून दाखवेल ना!’ असं आपण पटकन म्हणतो. दाखवतात की. पण वाचणारा स्वतःला जे महत्त्वाचं वाटेल तेवढंच वाचतो. क्रिकेट वाचेल, भाव सोडेल. निवडणुकीचं वाचेल, नोकरीची जाहिरात गाळेल. घाईत असेल तर ‘काही विशेष नाही आज’ म्हणून पेपर घडी करून ठेवेल. काय विशेष आणि काय नाही हे दुसऱ्याने ठरवायचं, ही खरी अडचण आहे.

आणि ही माणसं मूठभर नाहीत. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात दृष्टिदोष असलेल्यांची नोंद सुमारे ५ लाख ७४ हजार होती. यातल्या अनेकांची नजर उतारवयात काचबिंदू, मोतीबिंदू किंवा मधुमेहामुळे गेलेली असते. अशा वेळी ब्रेल नव्याने शिकणं अवघड. कान मात्र तयार असतात.

रेडिओ आहे, पण बातमीला मनाई

आकाशवाणीचं नागपूर केंद्र १९४८पासून सुरू आहे. नेट नको, रिचार्ज नको, स्क्रीन नको. अंध श्रोत्यासाठी याहून सोयीचं काही नाही. पण काही मिनिटांच्या प्रादेशिक बातमीपत्रात विदर्भातल्या किती तालुक्यांना जागा मिळणार?

मग कम्युनिटी रेडिओ आठवतो. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५मध्ये म्हटलं. २००२च्या धोरणात शिक्षणसंस्थांना आणि २००६मध्ये स्वयंसेवी संस्थांना असं केंद्र काढायची मुभा मिळाली. ट्रान्समीटर लहान, ताकद १०० वॅटपर्यंत, त्यामुळे आवाज आसपासच्या गावांपुरता. निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून व्हावेत अशी अट. म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी २००८पासून ९०.४वर माण तालुक्याच्या बोलीत बोलतेय. पुणे विद्यापीठाची विद्यावाणी १०७.४वर आहे.

पण इथेच मेख आहे. कम्युनिटी रेडिओला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा किंवा स्थानिक भाषेत आणून देता येतात. हवामान, परीक्षा-प्रवेश, नोकरीच्या जागा, वीज-पाणी, प्रशासनाने दिलेले आपत्तीचे इशारे ही माहिती ‘बातमी’त धरत नाहीत, त्यामुळे ती चालते. रस्ता का रखडला, हे मात्र नाही. कम्युनिटी रेडिओ गावाच्या सगळ्यात जवळ, आणि गावाची बातमी द्यायची मनाई त्यालाच!

नागपूरचा ‘रेडिओ अक्ष’

नागझिऱ्याहून जवळचं खरं उदाहरण नागपुरातलं आहे. २०२२मध्ये द ब्लाइंड रिलीफ असोसिएशन, नागपूर आणि ‘सक्षम’ या दोन संस्थांनी ‘रेडिओ अक्ष’ सुरू केला. हा इंटरनेट रेडिओ आहे आणि तो खास दृष्टिबाधितांसाठी आहे. अभ्यासाचं साहित्य आणि ऑडिओ पुस्तकं त्यांच्यापर्यंत पोहोचवणं हा त्याचा मुख्य हेतू. रेकॉर्डिंग करणारे स्वयंसेवक, त्यातही बहुतेक नागपुरातल्या बायका. कुणी घर सांभाळून, कुणी नोकरी सांभाळून वाचणार, मग त्यावर एडिटिंगचे संस्कार होणार आणि ते ऐकायला येणार.

यात आपल्यासाठी एक शिकण्यासारखी गोष्ट आहे. अक्षला टॉवर लागला नाही, फ्रिक्वेन्सी लागली नाही. वाचणारी माणसं लागली. त्याआधी २०१४पासून ‘रेडिओ उडान’ हा ऑनलाइन रेडिओ सुरू आहे आणि तो चालवतात अंध माणसंच. म्हणजे या गोष्टीत अंध व्यक्ती फक्त ऐकणारी नाही. स्क्रीन वाचून दाखवणारं एनव्हीडीए हे मोफत सॉफ्टवेअर २००६मध्ये दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनीच सुरू केलं. त्याच्या मदतीने कीबोर्डवरून लिहिणं, ऑडिओ कापणं-जोडणं सगळं होतं.

कागदावरचा प्रयत्नही मराठीतच झालाय. १५ फेब्रुवारी २००८ रोजी स्वागत थोरात यांनी ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केलं. ब्रेल वाचणाऱ्याला स्वतःच्या बोटांनी, स्वतःच्या वेगाने वाचता येतं, ही त्याची ताकद. पण पंधरवड्याच्या अंकात उद्याची एसटी मावत नाही. त्यासाठी आवाजच हवा.

इंटरनेट रेडिओची एक मर्यादाही बघायला हवी. जंगलाकडे जाल तशी रेंज पळते. सलग दोन तास ऐकायचं तर तिथे जमत नाही. पाच मिनिटांची व्हॉइस नोट मात्र साधारण एक एमबीच्या आत-बाहेर असते. चौकात रेंज मिळाली की उतरते, घरी येऊन निवांत ऐकता येते.

अमेरिकेत, वेल्समध्ये आणि शेजारच्या छत्तीसगडमध्ये

पेपर वाचून ऐकवायची कल्पना नवी नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटात १९६९मध्ये अंध श्रोत्यांसाठी वाचनाचा रेडिओ सुरू झाला. घरी खास रिसीव्हर द्यायचे आणि त्यावर पेपर, पुस्तकं वाचायची. ब्रिटनमध्ये १९७०मध्ये वेल्समधल्या अ‍ॅबरिस्टविथ या छोट्या शहरात ‘बोलतं वर्तमानपत्र’ निघालं. स्वयंसेवकांनी स्थानिक बातम्या टेपवर वाचायच्या आणि त्या टेप पोस्टाने घरोघरी पाठवायच्या. बघता बघता गावोगावी अशी बोलती वर्तमानपत्रं निघाली. लंडनच्या बातम्या बीबीसीवर होत्याच. कमी होती ती गल्लीतल्या बातमीची.

इतकं लांब जायचं नसेल तर गोंदियाची सीमा ओलांडा. छत्तीसगडमध्ये २०१०पासून ‘सीजीनेट स्वर’ चालतं. साध्या फोनवरून नंबर लावायचा, एक दाबून आपली गोष्ट रेकॉर्ड करायची, दोन दाबून इतरांच्या ऐकायच्या. हे गोंडी बोलणाऱ्या आदिवासी भागासाठी सुरू झालं. अंधांसाठी म्हणून नाही. पण ज्याला स्क्रीन लागत नाही आणि वाचता येण्याची अट नाही, ते अंध माणसाला आपोआप चालतं. बटणांचा फोन असलेल्या आजीलाही चालतं.

कायदा आपल्या बाजूने आहे

‘कॉपीराइटचं काय?’ हा प्रश्न मलाही पडला होता. २०१२मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. अपंग व्यक्तींना वाचता यावं म्हणून, नफा न कमावता, सुलभ रूपातली प्रत करता येते. वाचून केलेलं रेकॉर्डिंग हे असंच सुलभ रूप. अंधांसाठी पुस्तकं सुलभ करण्याचा माराकेश करार २०१३मध्ये झाला, आणि त्याला मान्यता देणारा पहिला देश होता भारत. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचं ४२वं कलम तर सांगतं की ऑडिओ, छापील आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमातला मजकूर सुलभ रूपात मिळेल हे सरकारने बघायचं.

कलम आहे, पण बहुतेक ई-पेपरचं पान अजून चित्रच आहे. काही फोन आता चित्रात काय आहे तेही सांगू लागलेत. पण त्याला चांगलं नेट लागतं, आणि मोडक्या मराठी छपाईतली तारीख तो बरोबर सांगेलच यावर एसटी पकडता येत नाही.

म्हणून कॉलेजने काय करावं? प्रत्येक कॉलेजात एनएसएस आहे, मराठी विभाग आहे, आवाज बरा असलेली दहा-बारा मुलं आहेत. परीक्षेत अंध मित्रांसाठी लेखनिक म्हणून बसणारेही आहेत. वर्षातून दोनदा लेखनिक व्हायचं, तर रोज पाच मिनिटं वाचक का नाही? सावकाश वाचलं तर मिनिटाला शंभरेक शब्द होतात. पाच मिनिटांत तालुक्याच्या आठ-दहा बातम्या आरामात बसतात.

तालुक्याचं बोलतं बातमीपत्र काढायचं तर

१. आधी ऐकणाऱ्यांना विचारा. कोण ऐकणार हे आशाताई आणि अंगणवाडीताईंना विचारलं की कळेल. त्यांना काय हवंय ते त्यांनाच ठरवू द्या.

२. कॉलेजातल्या अंध आणि अल्पदृष्टी मित्रांना पहिल्या दिवसापासून टीममध्ये घ्या. निवड, वाचन, एडिटिंग सगळीकडे.

३. रोज एकच वेळ ठेवा. सकाळी सात म्हणजे सात.

४. सुरुवातीला वार, तारीख आणि सगळे मथळे सांगा. ऐकणाऱ्याला कुठली बातमी हवी, कुठली नको ते ठरवता येतं.

५. फोन नंबर आणि तारखा दोनदा सांगा. नंबर एकेक आकडा सुटा वाचा.

६. ‘फोटोत दिसतंय त्याप्रमाणे’ हे शब्द विसरा. ‘इकडे-तिकडे’ऐवजी ‘शाळेकडून तलावाकडे जाताना’ असं सांगा.

७. वाघाची बातमी वनविभागाकडे विचारल्याशिवाय वाचू नका. दुसऱ्याच जंगलातले जुने व्हिडिओ ‘आपल्याच गावचा’ म्हणून फिरतात. वाचलं तर ठिकाण, वेळ आणि कुणी सांगितलं ते तिन्ही सांगा.

८. बातमी गाळू नका, आपलं मत मिसळू नका. मागे संगीत तर अजिबात नको.

९. एवढं जमत नसेल तर निदान हे करा: ग्रुपवर फोटो टाकताना खाली दोन ओळी युनिकोड मराठीत टाइप करा. काय, कुठे, कधी. फोन ते वाचून दाखवेल.

पहिल्या आठवड्यात कदाचित दहाच जण ऐकतील. पण त्या दहांपैकी कुणाला तपासणीची तारीख वेळेत कळली, कुणी बदललेल्या वेळेची एसटी पकडली, तर बातमीने तिचं काम केलं. आपल्या कॉलेजात रोज पाच मिनिटं देणारी दहा मुलं आहेत का, एवढं आज वर्गात विचारून बघा.