हँडल चुकलं की मुस्तफा पळत नाही

नव्वदीच्या दशकात महाराष्ट्रात शाळेत असलेल्या कुणालाही 'कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स' हे नाव सांगून पाहा, चेहरा कोरा राहील. 'मुस्तफा' म्हणा, लगेच ओळख पटेल. कॅपकॉम या जपानी कंपनीचा हा १९९३ सालचा खेळ. पात्रं चार, पण मुस्तफा कैरो सगळ्यांत चपळ, म्हणून आपल्याकडच्या व्हिडिओ पार्लरमधल्या पोरांनी खेळालाच त्याचं नाव देऊन टाकलं. क्लासच्या वेळेत, खिशातले रुपये मोजत तो खेळलेली पिढी आता न्यू जर्सीत, शिकागोत, डॅलसला घरांचे हप्ते भरते आहे आणि बेसमेंटमध्ये (टेक्सासवाल्यांनी गराजमध्ये वाचावं) तोच खेळ आपल्या मुलांना दाखवू पाहते आहे.

त्यासाठी लागणारा प्रोग्रॅम म्हणजे एम्युलेटर. त्यांतला सर्वांत प्रसिद्ध 'मेम', निकोला साल्मोरिया या इटालियन गृहस्थांनी १९९७ साली सुरू केलेला. जुन्या यंत्रातल्या चिप्सची तो इतकी इमानदारीने नक्कल करतो की पडद्यावर आणि कानाला तेच जुनं यंत्र भेटतं. हाताखाली मात्र घरात जे असेल ते येतं: लॅपटॉपचा कीबोर्ड नाहीतर एक्सबॉक्सचा पॅड. घोळ तिथेच होतो.

गेल्या गणपतीत आमच्याकडे जमलेल्या मुलांनी पॅक-मॅन पाच मिनिटांत सोडून दिला. 'अंकल, हा गेम अनफेअर आहे.' तेरा वर्षांच्या मुलाने निकाल दिला की अपील नसतं! पण त्याचं म्हणणं खरं होतं. वळणावर त्याने वर दाबलं होतं आणि पॅक-मॅन मात्र सरळ जाऊन भुताच्या तोंडात पडला होता.

कारण साधं आहे. १९८० सालच्या पॅक-मॅनच्या मूळ जॉयस्टिकला चारच दिशा होत्या. आजची बहुतेक हँडल्स आठ दिशांची. वर ढकलताना हात जरा तिरका झाला की 'वर' आणि 'उजवीकडे' असे दोन स्विच एकदम दाबले जातात आणि चारच दिशा ठाऊक असलेला बिचारा खेळ त्यातली एक निवडतो. ती आपल्याला हवी असलेलीच असेल असं नाही. मेम तिरक्या दिशा गाळायचा प्रयत्न करतो, पण हाताला कोपऱ्याचा अंदाज येत नाही तो नाहीच. डाँकी काँगच्या शिड्या चढतानाही हीच रड.

यावर उपाय स्वस्त आहे. सॅन्वा कंपनीच्या प्रसिद्ध 'जेएलएफ' जॉयस्टिकच्या खाली एक चौकोनी प्लास्टिकची चौकट असते. ती काढून ४५ अंश फिरवून बसवली की दांडा कोपऱ्यात जातच नाही. चार दिशा उरतात. दोन मिनिटांचं काम. त्याच मुलांच्या हाती अशी स्टिक दिल्यावर त्यांना आरतीला हाका मारून बोलवावं लागलं.

पॅडच वापरायचा असेल तर अंगठ्याच्या गोल काडीपेक्षा अधिकच्या चिन्हासारखी कळ बरी. काडीच वापरायची तर मेममधल्या 'डेडझोन'कडे लक्ष द्या. मध्यापासून किती हालचाल दुर्लक्षित करायची ते त्यात ठरतं. ते फार कमी ठेवलं तर हात न लावता गडी चालायला लागतो. फार वाढवलं तर वळण उशिरा मिळतं. मात्र १९८२ सालच्या 'रोबोट्रॉन'ला हाच पॅड झकास लागतो, कारण मूळ यंत्रावरच दोन जॉयस्टिक होत्या: एक पळायला, एक गोळ्या झाडायला.

काही खेळांना तर जॉयस्टिक नव्हतीच. 'टेम्पेस्ट'ला (१९८१) कितीही गरगर फिरणारी गोल मूठ होती, 'मिसाईल कमांड' (१९८०) आणि 'सेंटिपीड'ला (१९८१) तळहाताने फिरवायचा चेंडू. हे बाणाच्या कळांवर खेळणं म्हणजे चमच्याने पोळी लाटणं. साधा माउस यापेक्षा शंभरपट चांगला, ट्रॅकबॉल त्याहून चांगला. खेळ चालू असताना टॅब दाबा. मेनूत अॅनलॉग नियंत्रणांची सेटिंग सापडेल. तिथे 'सेन्सिटिव्हिटी' थोडी थोडी बदलत जा. मनगटाच्या एका सहज हालचालीत पडद्याच्या या टोकापासून त्या टोकाला जाता आलं की थांबा. उलट दिशेला जात असेल तर 'रिव्हर्स' तिथेच आहे.

आता मुस्तफा. त्याला आठही दिशा हव्यात, म्हणजे चौकट पुन्हा सरळ करायची. बटणं दोनच, मारायचं आणि उडीचं. दोन्ही एकदम दाबली की खास वार, त्यात आपलीच ताकद थोडी जाते. पळायचं तर दांडा पुढे दोनदा झटकायचा. ढिल्या काडीवर दुसरा झटका लागतच नाही, आणि न पळणारा मुस्तफा मुलांना काय आवडणार! तिघांनी मिळून खेळता येतो हे त्याचं खरं सुख, पण एका कीबोर्डवर तिघांना बसवू नका. बऱ्याच कीबोर्डवर अनेक कळा एकदम दाबल्या की काही नोंदल्याच जात नाहीत आणि भावाबहिणीत भांडणं लागतात. प्रत्येकाला वेगळा यूएसबी पॅड द्या. लाकडी पेटी करायची हौस असेल तर अल्टिमार्कचा 'आय-पॅक' हा बोर्ड मिळतो. तो बटणांच्या तारा घेऊन संगणकाला आपण कीबोर्ड असल्याचं सांगतो.

एवढं करूनही हात मागे पडल्यासारखा वाटला तर टीव्ही तपासा. सेकंदाला ६० चित्रं म्हणजे एका चित्राला सुमारे १७ मिलिसेकंद. चित्र सुंदर करण्याच्या नादात टीव्ही अशी कित्येक चित्रं मागे राहू शकतो. सेटिंगमध्ये 'गेम मोड' चालू करा.

खेळांच्या फाइलींवर मूळ कंपन्यांचा हक्क असतो, मेम फुकट असला तरी. कॅपकॉमने २०१८ साली मारामारीच्या सात जुन्या खेळांचा संच रीतसर विकायला काढला. त्यात दुर्दैवाने मुस्तफा नाही, पण 'फायनल फाइट' आहे आणि हँडलचा सराव त्यावरही तोच.

पैसे घालण्याआधी मूळ यंत्रांना हात लावून यावं असं मी सुचवीन. शिकागोजवळ ब्रुकफील्डला 'गॅलपिंग घोस्ट आर्केड' २०१० पासून आहे. ईशान्येकडच्या मंडळींना न्यू हॅम्पशायरमध्ये लकोनियाचं 'फनस्पॉट' जवळ पडेल, तिथे जुन्या यंत्रांचं संग्रहालयच आहे. ब्रुकफील्डला एकदा प्रवेशाचे पैसे भरले की दिवसभर हवं ते खेळा. मुलांना आधी पॅक-मॅनच्या यंत्राजवळ न्या, आणि दांडा कोपऱ्यात ढकलून पाहायला सांगा.