लवचीक कामाचे तास : सोय नेमकी कोणाची?

नोकरीच्या जाहिरातींत अलीकडे ‘लवचीक वेळ’ हे शब्द ठळकपणे आढळतात. येण्याजाण्याची वेळ कर्मचाऱ्याने ठरवावी, आठवड्याचे काम चार दिवसांत आटोपावे, शक्य तेथे घरूनच काम करावे, असे तिचे प्रकार आहेत. २०२० च्या टाळेबंदीत महाड-पोलादपूरकडे परतलेल्या अनेक तरुणांनी, जेथे रेंज मिळाली तेथे, पडवीत बसून मुंबई-पुण्याच्या कंपन्यांचे काम केले. त्यामुळे हा विषय आपल्या भागास नवा नाही.

रुग्णालयाच्या अहवालात त्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. कामाचे तास हा प्रकृतीचाच प्रश्न आहे. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आठवड्यास ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा ५५ वा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी अधिक आढळला. हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोकाही सुमारे १७ टक्क्यांनी अधिक होता.

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनिक कामाची मर्यादा ९ वरून १२ तासांपर्यंत नेण्यास मान्यता दिली. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा आणि कामगाराची लेखी संमती या अटी त्यात होत्या. बारा तासांचे चार दिवस आणि तीन दिवस विश्रांती, हा हिशेब कागदावर आकर्षक दिसतो. परंतु पोलादपूरच्या डोंगरातील वाडीवरून महाडच्या औद्योगिक वसाहतीत येणाऱ्याचा दिवस कारखान्याच्या फाटकापाशी सुरू होत नाही. तो पहाटेच्या एस.टी.पासून सुरू होतो आणि रात्री शेवटची गाडी चुकली तर केव्हा संपेल, याचा नेम नसतो. शिवाय कंत्राटी कामगाराने संमती नाकारली, तर दुसऱ्या दिवशी त्याला काम मिळेलच असे नाही. अशा संमतीला आम्ही निवड म्हणू शकत नाही.

रुग्णालयात तर लवचीकपणा सर्वांच्या वाट्यास सारखा येतच नाही. हिशेबनीस दोन तास उशिरा आला तरी चालते. प्रसूतिकक्षातील परिचारिकेला ते शक्य नाही. तिची खरी सवलत जुनीच आहे : आपापसांत पाळी बदलून घेणे. घरी लग्नकार्य असो वा लावणीचे दिवस, बदली मिळते, कारण देणारी आणि घेणारी दोघी राजी असतात. पाळ्यांचा तक्ता महिनाभर आधी लागला तर ही व्यवस्था उत्तम चालते. आदल्या रात्री निरोप पाठवून पाळी बदलणे हीसुद्धा लवचीकताच, पण तिची सोय केवळ व्यवस्थापनाला. मनुष्यबळ अपुरे असेल तेथे एकीची सवलत दुसरीची दुहेरी पाळी ठरते, हेही स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

मातृत्व लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा १२ वरून २६ आठवडे झाली आणि कामाचे स्वरूप अनुकूल असल्यास, मालकाशी ठरवून, त्यानंतर घरून काम करण्याची तरतूदही आली. परिचारिकेला या तरतुदीचा उपयोग नाही. त्याच दुरुस्तीतील ५० वा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेस पाळणाघराची सक्ती मात्र तिच्या खऱ्या उपयोगाची आहे. तथापि पाळणाघर बहुधा दिवसाच उघडे असते. रात्रपाळीच्या आईचे मूल आजही आजीजवळच निजते, आणि आजी नसेल त्या घरातील परिचारिका पहिल्या बाळंतपणानंतर नोकरी सोडते.