विश्लेषण : गेममधल्या गाडीचे इंजिन मिक्सरसारखे का वाजते?

वणीच्या खाणीतून कोळसा भरून निघालेला हायवा चढाला लागला, की रस्त्याकडेच्या टपरीवर पाठमोऱ्या बसलेल्या माणसालाही तो भरलेला आहे हे कळते. तोच हायवा परतीला रिकामा आला तर तेही कळते. वळून पाहावे लागत नाही. पण त्याच टपरीवर एखादा मुलगा मोबाइलमध्ये मान घालून कोट्यवधी रुपयांची स्पोर्ट्स कार पळवत असेल, तर त्याच्या हातातून येणारा आवाज मात्र स्वयंपाकघरातल्या मिक्सरचा वाटतो. चित्रात गाडीच्या बॉनेटवर ढगांचे प्रतिबिंबही हुबेहूब दिसते. मग आवाजाचेच घोडे कुठे अडते? आणि या खोट्या आवाजाशी खऱ्या रस्त्यांचा संबंध कसा येतो?

इंजिनाचा आवाज कशाचा बनतो?

आपल्याकडे मोटारसायकलला ‘फटफटी’ म्हटले गेले, त्या नावातच अर्धे उत्तर आहे. इंजिनाचा आवाज म्हणजे सिलिंडरमध्ये एकामागून एक होणारे इंधनाचे छोटे स्फोट. चार-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. एकच सिलिंडर असलेली बुलेट उभ्या जागी मिनिटाला सुमारे हजार फेरे घेत असेल, तर सेकंदाला आठ स्फोट होतात. ते कानाला सुटे सुटे ऐकू येतात, म्हणून ती धडधड. चार सिलिंडरची कार ३,००० फेऱ्यांवर असेल तर सेकंदाला १०० स्फोट होतात. ते कानाला वेगळे करता येत नाहीत, त्यांचा मिळून एक सूर बनतो. फेरे दुप्पट झाले की सूरही दुप्पट चढतो.

उरलेले अर्धे उत्तर या सुरावर चढणाऱ्या संस्कारांत आहे. स्फोटाचा दाब सायलेन्सरच्या नळीतून, डब्यातून बाहेर येताना काही कंपने मोठी होतात, काही दबतात. इंजिनाचा लोखंडी ठोकळा, एअर फिल्टर, गाडीचा पत्रा हे सगळे आपापला घुमारा त्यात मिसळतात. यातला महत्त्वाचा भाग असा, की फेरे वाढले तरी नळीची लांबी वाढत नाही आणि ठोकळाही लहान होत नाही. सूर चढतो, घुमारा बहुतांशी जागेवर राहतो. माणूस वरच्या पट्टीत गायला लागला तरी गळा त्याचाच राहतो, तसेच हे.

मग गेममध्ये चूक कुठे होते?

नेमकी इथेच. आवाज बनवण्याची सर्वांत स्वस्त रीत अशी : खऱ्या इंजिनाचा एका ठरावीक फेऱ्यांवरचा एक-दोन सेकंदांचा आवाज रेकॉर्ड करायचा, तो गोल फिरवत ठेवायचा आणि खेळाडूने वेग वाढवला की रेकॉर्डिंग जास्त वेगाने वाजवायचे. ३,००० फेऱ्यांचा आवाज दुप्पट वेगाने वाजवला की कागदोपत्री ६,००० फेऱ्यांचा आवाज तयार. पण त्यात सुराबरोबर घुमाराही दुप्पट वर सरकतो. सायलेन्सर निम्मा झाला, इंजिन आकसले, गाडी खेळण्यातली झाली असे कानाला वाटते. कॅसेटच्या काळात टेप जोरात फिरली की भारदस्त गायकाचा उंदीर होत असे. गेममधल्या गाडीचा होतो तो हाच उंदीर.

दुसरा घोटाळा गोल फिरणाऱ्या तुकड्याचा. खऱ्या इंजिनातला कोणताही स्फोट आधीच्या स्फोटासारखा तंतोतंत नसतो; इंधन-हवेचे मिश्रण दर वेळी किंचित वेगळे पेटते. त्या बारीक अनियमिततेमुळे आवाजाला खरखर, जिवंतपणा येतो. तोच सेकंद पुन:पुन्हा वाजला की ती खरखर नाहीशी होते आणि उरते एकसुरी भिणभिण. मिक्सरची मोटर अशीच वाजते, कारण तिच्यात स्फोट मुळातच नसतात.

तिसरी आणि मला सर्वांत मोठी वाटणारी चूक म्हणजे ओझे. कोळशाच्या हायवाचे उदाहरण पुन्हा घ्या. चढावर भरलेला ट्रक आणि उतारावर रिकामा ट्रक, दोन्हींचे इंजिन अगदी एकाच फेऱ्यांवर असू शकते. सूर एकच, आवाज मात्र पूर्ण वेगळा. चढावर डिझेल भरपूर जळते, स्फोट जोरकस असतात. उतारावर ड्रायव्हरने पाय काढलेला असतो आणि चाकेच इंजिनाला फिरवत असतात. चांगल्या गेममध्ये यासाठी अॅक्सिलरेटर दाबलेला आणि सोडलेला अशी निदान दोन वेगळी रेकॉर्डिंग असतात. स्वस्त गेममध्ये एकच. त्यामुळे चढ असो, उतार असो, गाडी भरलेली असो की रिकामी, इंजिनाला काही श्रम पडताहेत असे कधी वाटतच नाही.

हे पूर्वीपासून असेच आहे का?

पूर्वी नाइलाज होता. नव्वदच्या दशकात घरोघरी टीव्हीला जोडल्या जाणाऱ्या कार्ट्रिजच्या व्हिडीओ गेममध्ये कोनामी कंपनीचा ‘रोड फायटर’ हमखास असे. १९८४ सालचा हा खेळ. ज्या यंत्राच्या नकलेवर तो आपल्याकडे चाले, त्यात आवाजाच्या पाचच वाहिन्या होत्या, त्यातही तीन निव्वळ सरळसोट सुरांच्या. गाडी ताशी ४०० किलोमीटरवर गेली की सूर चढायचा, बस्स. तो आवाज इंजिनाचा आहे असे कोणी म्हणत नव्हते आणि कोणाची तक्रारही नव्हती.

तक्रार सुरू झाली ती चित्र खरे दिसू लागल्यावर. डिसेंबर १९९७ मध्ये सोनीच्या प्लेस्टेशनवर आलेल्या ‘ग्रान टुरिस्मो’ने गाडीचे वजन, टायरची पकड, ब्रेक यांचे गणित इतके नेमके मांडले की मोटारशौकीन थक्क झाले. पण त्या यंत्रात आवाजासाठी अवघी ५१२ किलोबाइट जागा होती. दाबून बसवला तरी उत्तम दर्जाचा आवाज त्यात जेमतेम २० सेकंद मावतो, आणि त्यात इंजिन, टायर, धडक सगळेच आले. पुढे यंत्रे बदलली, जागा हजारपटींनी वाढली, तरी २०१० आणि २०१३ च्या आवृत्त्यांत ‘व्हॅक्यूम क्लीनरसारखे इंजिन’ ही चाहत्यांची थट्टा कायम होती. २०१७ च्या ‘ग्रान टुरिस्मो स्पोर्ट’मध्ये आवाज लक्षणीय सुधारला. म्हणजे अडचण केवळ जागेची नव्हती. चित्रावर खर्च करण्याची सवय लागली होती आणि जाहिरातीच्या छायाचित्रात आवाज दिसत नाही.

कर्कश आवाज नेहमी खोटाच असतो का?

नाही, आणि इथे गेमची बाजू घ्यायला हवी. २०११ ते २०१३ या काळात ग्रेटर नोएडात झालेल्या फॉर्म्युला वन शर्यतींतल्या गाड्यांना आठ सिलिंडरची इंजिने होती आणि ती मिनिटाला १८,००० फेऱ्यांपर्यंत जात. गणित केले तर सेकंदाला १,२०० स्फोट. हा सूर माणसाच्या शिट्टीच्या पट्टीत येतो. ती किंकाळी खरी होती. २०१४ पासून सहा सिलिंडरची टर्बो इंजिने आल्यावर आवाज दबला आणि ‘खऱ्या गाड्या खोट्या वाटतात’ अशी ओरड प्रेक्षकांनीच केली.

गिअर न बदलता एकाच सुरात पळणारी गाडीही हास्यास्पद वाटते. पण आपल्या गिअर नसलेल्या स्कूटर बऱ्याच अंशी तशाच वाजतात. पट्ट्यावर चालणाऱ्या त्या गाडीत आधी इंजिनाचा आवाज चढतो आणि मग वेग त्याला गाठत जातो.

मोबाइलचा स्पीकर काय करतो?

भारतात बहुतेक रेसिंग मोबाइलवरच खेळले जाते, म्हणून हा मुद्दा आपल्यासाठी कळीचा. मोबाइलचा स्पीकर नखाएवढा असतो. काहीशे हर्ट्झच्या खालचे सूर तो नीट वाजवूच शकत नाही. आपल्याकडच्या अनेक छोट्या पेट्रोल कार तीन सिलिंडरच्या आहेत. ३,००० फेऱ्यांवर त्यांचा मूळ सूर ७५ हर्ट्झचा. तो मोबाइलमधून बाहेर पडतच नाही.

तरीही गाडी ऐकू येते, ती आपल्या मेंदूच्या कृपेने. मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट सूर कानावर पडले की गायब असलेला मूळ सूर मेंदू स्वत:च भरून काढतो. जुन्या टेलिफोनवरून साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच आवाज जात असे आणि पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर १००-१२० हर्ट्झच्या आसपास असतो. तरी फोनवर वडिलांचा आवाज ओळखू येत असेच की. गेम बनवणारे हीच सोय वापरतात आणि वरचे सूर मुद्दाम ठळक करतात. पण मग तेच ध्वनिमिश्रण कर्कश होते. चांगला हेडफोन लावून तोच गेम खेळून पाहावा, निम्मी तक्रार तिथेच मिटते. उरलेली निम्मी मात्र हेडफोनवर जास्तच उघडी पडते.

अचूक आवाज करताच येत नाही का?

येतो, पण महागात पडतो. मोठे स्टुडिओ खरी गाडी रोलरवर बांधून चालवतात, इंजिनाजवळ, सायलेन्सरपाशी आणि आत ड्रायव्हरच्या कानाशी वेगवेगळे माइक लावतात आणि दर काही फेऱ्यांना ओझ्यासह व ओझ्याविना असा आवाज टिपतात. गेममध्ये हे तुकडे एकमेकांत मिसळत जातात, त्यामुळे कोणताही तुकडा फार ताणावा लागत नाही. दुसऱ्या रीतीत इंजिन सावकाश शेवटपर्यंत चढवून त्या सलग आवाजाचे अतिशय बारीक कण पाडतात आणि खेळाडूच्या वेगानुसार हवे ते कण जोडतात.

तिसरी रीत रेकॉर्डिंगच टाळते. आंगे याघी या प्रोग्रामरने २०२२ मध्ये ‘इंजिन सिम्युलेटर’ नावाचा मुक्त कार्यक्रम प्रसिद्ध केला. त्यात सिलिंडरमधला दाब, झडपा, नळीतून वाहणारा वायू यांचे गणित क्षणाक्षणाला सोडवले जाते आणि त्यातूनच आवाज निघतो. सिलिंडर वाढवले की तो आपोआप बदलतो. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी जरूर पाहावा असा हा प्रकार आहे. मात्र एका इंजिनासाठी संगणकाला एवढे राबवणे आणि स्वस्त मोबाइलवर एकाच वेळी आठ गाड्या पळवणे यांत अंतर आहे.

शिवाय खरेपणा खेळाडूला कितपत हवा असतो, हाही प्रश्न आहेच. आजची साधी कार ताशी ८० किलोमीटरवर असताना आत इंजिनापेक्षा टायर आणि वाऱ्याचाच आवाज जास्त असतो. तो जसाच्या तसा दिला तर गेम रटाळ होईल. म्हणून टर्बोचा फुत्कार, गिअर बदलताना सायलेन्सरमधून फटाके असा मसाला टाकला जातो.

याचा खऱ्या रस्त्याशी काय संबंध?

इंजिनाचा आवाज ही माहिती असते. इंजिन कण्हायला लागले की गिअर उतरवायचा, किंचाळायला लागले की चढवायचा, हे ड्रायव्हिंग शिकवणारे कानानेच शिकवतात. मेकॅनिकही बॉनेट उघडण्याआधी ‘जरा रेस करा’ म्हणतो ते ऐकण्यासाठी. गेममध्ये मात्र इंजिन सतत लाल रेषेपर्यंत ताणणे हेच बक्षिसाचे असते, आणि ते ताणल्याचा आवाजातून त्रास असा कधी जाणवत नाही.

फटाक्यांची हौस तर रस्त्यावर उतरलीच आहे. बुलेटला बदललेला सायलेन्सर लावून गल्लीत बार काढणाऱ्यांना गेमनेच बिघडवले असे म्हणणे अन्यायाचे ठरेल; ती हौस मोबाइलच्या आधीची आहे. पण कायदा स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या रचनेत परस्पर बदल करता येत नाही. ध्वनिप्रदूषणाबद्दल कलम १९० (२) नुसार पहिल्याच गुन्ह्याला १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने परवान्यासाठी अपात्रता, अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीनंतर आहे. पुणे, नागपूरसारख्या शहरांत पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडले आहेत.

खरी गाडीच आता गेमसारखी वाजणार?

वाजूही लागली आहे. बीएमडब्ल्यूच्या २०११ च्या ‘एम५’मध्ये इंजिनाचा आवाज स्पीकरमधून आत वाजवला जात होता. ह्युंदाईच्या २०२३ च्या ‘आयोनिक ५ एन’ या विजेच्या गाडीत इंजिन नाही, गिअर नाहीत. तरी बटण दाबले की आठ गिअरच्या पेट्रोल गाडीचा आवाज येतो आणि गिअर बदलल्याचा झटकाही बसतो. चाकणच्या कारखान्यात तयार होणाऱ्या महिंद्राच्या विजेच्या ‘बीई ६’साठी आवाज घडवण्याचे काम ए. आर. रहमान यांच्याकडे दिले गेले.

ही केवळ हौस नाही. विजेची गाडी कमी वेगात जवळजवळ नि:शब्द असते आणि अंध व्यक्ती, लहान मुले, पाठमोरे पादचारी यांना ती कळतच नाही. त्यामुळे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये मसुदा काढला. विजेवर चालणाऱ्या प्रवासी व मालवाहू चारचाकींच्या नव्या मॉडेलना १ ऑक्टोबर २०२६ पासून आणि आधीपासूनच्या मॉडेलना त्यानंतर वर्षभराने सावधगिरीचा कृत्रिम आवाज सक्तीचा करण्याचा प्रस्ताव त्यात आहे. युरोपात ही सक्ती नव्या मॉडेलसाठी २०१९ पासून लागू झाली.

त्यासाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या नियमावलीत एक अट आहे. ताशी ५ ते २० किलोमीटरच्या दरम्यान दर किलोमीटरला आवाजाचा सूर सरासरी किमान ०.८ टक्के बदलला पाहिजे, म्हणजे या टप्प्यात एकूण सुमारे १२ टक्के. गाडी जवळ येताना वेग घेते आहे की मंदावते आहे, हे न पाहता कळावे म्हणून. वेग वाढला की सूर चढवायचा, ही ‘रोड फायटर’ची नाइलाजाची युक्ती आता गाडीच्या बंपरमागच्या स्पीकरसाठी नियम झाली आहे.