वहीतली कोरी जागा

महाडच्या आमच्या घरात देव्हाऱ्याखालोखाल मान कशाला असेल, तर तो अण्णांच्या वहीला. अण्णा म्हणजे माझे आजोबा. पेशा शाळामास्तरचा आणि छंद तारखांचा. जाड पुठ्ठ्याची, लाल कापडी पाठीची ती वही होती; तारखेला एक पान याप्रमाणे ३६६ पाने. २९ फेब्रुवारीवरही त्यांनी अन्याय केला नव्हता. रोज सकाळी चहाच्या वेळी वही उघडायची आणि त्या दिवशी जगात काय काय घडले ते खड्या आवाजात वाचायचे, हा त्यांचा नेम. चहा निवला तरी चालेल, पण नेपोलियन थांबता कामा नये!

वहीत थोरामोठ्यांच्या पंक्तीला घरची मंडळीही बसलेली असत. एका पानावर कुणा सम्राटाचा राज्याभिषेक आणि खाली, त्याच अक्षरात, ‘आमची कपिला व्याली. कालवड.’ आजी हसायची. अण्णा मात्र गंभीरपणे म्हणत, “अगं, तारखेला लहानमोठं कळत नाही. तिच्या लेखी सगळे सारखे.”

तारखांचा योगायोग सापडला की ते हरखून जात. १४ जानेवारीचे पान त्यांचे विशेष लाडके. १७६१ साली याच तारखेला पानिपतावर मराठ्यांची एक पिढी कापली गेली, आणि १८९६ साली याच तारखेला आमच्या महाडजवळच्या नाते गावी चिंतामणराव देशमुख जन्मले. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे देशाचे अर्थमंत्री, आणि मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली मंत्रिपद सोडणारे बाणेदार गृहस्थ. “संक्रांतीनं घेतलं आणि संक्रांतीनंच दिलं!” असे अण्णा म्हणायचे. पानिपतच्या साली संक्रांत १४ तारखेला नव्हती, हे त्यांनाही ठाऊक होते. पण वाक्य चांगले जमले होते. त्याच पानावर पुढे मी एक ओळ वाढवली : १९९४, मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव मिळाले.

आजीचे माहेर पोलादपूर. सुटीत आम्ही एस. टी.ने तिकडे निघालो की वही पिशवीतून बरोबर यायची. डोंगराकडे बोट दाखवून अण्णा सांगत, “इकडे उमरठ, तानाजी मालुसऱ्यांचं गाव. ४ फेब्रुवारी १६७०, सिंहगड. आणि तो आंबेनळीचा घाट चढलास की प्रतापगड. १० नोव्हेंबर १६५९!” त्या १० नोव्हेंबरच्या पानावरही माझी एक भर आहे. १९९१ साली याच तारखेला वर्णद्वेषामुळे दोन दशके बाहेर ठेवलेला दक्षिण आफ्रिकेचा क्रिकेट संघ कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर उतरला आणि आंतरराष्ट्रीय खेळात परतला. अण्णा तेव्हा असते, तर चहाचे दोन कप निवले असते.

क्रिकेटचे त्यांना वेड होते. १९ मार्चच्या पानावर पळवणकर बाळू. क्रिकेटच्या बऱ्याच नोंदींत त्यांची जन्मतारीख १९ मार्च १८७६ अशी दिलेली असते. चर्मकार समाजात जन्मलेला हा डावखुरा गोलंदाज पुण्यात साहेबांच्या क्लबात खेळपट्टीची निगा राखता राखता तयार झाला आणि १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले. परंतु पुण्यात हिंदूंच्या संघातून खेळताना त्याला चहा मिळायचा तो पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात. हे वाचताना अण्णांचा आवाज चढायचा. “बळी घ्यायला चालतो, कपाला चालत नाही!” असे म्हणून ते वही मिटून टाकत.

आणि दुसऱ्या दिवशी उघडत ते २० मार्चचे पान. ते पान माझे. कारण माझा जन्म २० मार्च १९५६ चा. त्याच दिवशी ट्युनिशिया देश स्वतंत्र झाला, म्हणून अण्णा मला लहानपणी ‘ट्युनिशिया’ म्हणत! वाढदिवशी ओवाळून झाले की मला जवळ घेऊन ते पान वाचायचे. १७२७, न्यूटनचे निधन. (हे जुन्या इंग्रजी कालगणनेप्रमाणे हं, नव्या गणनेने ३१ मार्च, असे सांगायला ते विसरत नसत.) १८१५, एल्बातून निसटलेला नेपोलियन पॅरिसमध्ये परतला. १८२८, नाटककार इब्सेनचा जन्म. १८५२, गुलामांची दैना सांगणारे ‘अंकल टॉम्स केबिन’ पुस्तकरूपाने निघाले. १९५१, क्रिकेटपटू मदनलाल, ही ओळ अर्थात पुढची. १९६६, लंडनमध्ये फुटबॉलचा विश्वचषकच चोरीला गेला आणि आठवड्याने एका कुत्र्याने तो शोधून काढला! या नोंदीवर मी पोट धरधरून हसायचो.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली नव्हती. १८५२ आणि १९५१ यांच्यामध्ये चार बोटे जागा कोरी होती.

कॉलेजसाठी मुंबईला गेलो, तिथल्या ग्रंथालयात आंबेडकरांचे चरित्र हाती आले, आणि माझीच तारीख माझ्यासमोर उभी राहिली. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत हा सी. के. बोले यांचा ठराव १९२३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या कायदेमंडळात संमत झाला होता. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केले, पण ते कागदावर. १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडात कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. गावात तळे भरलेले, आणि परिषदेला पिण्याचे पाणी चाळीस रुपये मोजून विकत घ्यावे लागले. २० तारखेला मिरवणूक तळ्यावर गेली, आणि बाबासाहेब ओंजळभर पाणी प्याले. मागोमाग हजारो माणसे प्याली. नंतर, हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठली, आणि परतणाऱ्यांवर लाठ्या पडल्या. पुढे १०८ घागरींनी पंचगव्य ओतून तळ्याची ‘शुद्धी’ झाली. ४ ऑगस्ट १९२७ ला नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. त्याच वर्षी २५ डिसेंबरला पुन्हा परिषद भरली. बाबासाहेबांनी तिची तुलना १७८९ सालच्या व्हर्साय येथील फ्रेंच सभेशी केली, आणि मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्याचा खटला मार्च १९३७ मध्ये हायकोर्टात अस्पृश्यांच्या बाजूने सुटला.

सुटीत घरी आलो आणि प्रथम वही उघडली. २५ डिसेंबरच्या पानावर पंडित मालवीय होते, ऑस्ट्रेलियाचा फिरकी गोलंदाज ग्रिमेट होता, आणि तिथेही मध्ये कोरी जागा होती.

“अण्णा, व्हर्सायपर्यंत गेलात. मग आपलं तळं कसं राहिलं?”

अण्णांनी चष्मा काढून पुसला. “राहिलं नाही. जागा सोडली आहे,” एवढेच म्हणाले आणि उठून पडवीत गेले. त्यानंतर माझ्या वाढदिवशी त्यांनी ते पान कधी वाचले नाही. १९८१ साली ते गेले.

पुढे काही वर्षांनी, पोलादपूरला माहेरच्या ओटीवर बसली असताना आजी आपणहून म्हणाली, “त्या वेळी हे सतरा वर्षांचे होते. शुद्धीच्या घागरी उचलायला आळीतली पोरं लावली होती, त्यांत हेही होते. लग्नानंतर मला एकदाच सांगितलं. म्हणाले, वडिलांनी सांगितलं म्हणून उचलली; पण मला खाली ठेवता आली असती.”

खरेच, ठेवता आली असती. याच महाडात नगराध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस परिषदेच्या बाजूने उभे होते, अनंतराव चित्रे होते, आणि डिसेंबरात मनुस्मृतीच्या दहनाचा ठराव मांडणारे सहस्रबुद्धे तर आमच्यासारख्याच घरातले. सतराव्या वर्षी हे कळले नाही, आणि कळले तेव्हा लिहिण्याचा धीर झाला नाही; खोटे लिहिण्याची इच्छाही झाली नाही. बाळूच्या चहावर चढणारा तो आवाज मला त्या दिवशी समजला.

वही आता माझ्याकडे आहे. बरीच वर्षे त्या जागेवर लेखणी टेकवायला मीही धजलो नाही. आजोबांची लाज उघडी करणारा मी कोण, असे वाटायचे. माझ्या सत्तराव्या वाढदिवशी महाडला गेलो. तळ्याकडे जाणाऱ्या वाटेवर पाय ठेवायला जागा नव्हती. दूरदूरची माणसे कडेवर पोरे घेऊन आली होती. गर्दीत एका म्हातारबाबांनी आपल्या तांब्यातले पाणी पुढे केले. “घ्या दादा, ऊन फार आहे.” मी प्यालो.

संध्याकाळी घरी आलो आणि लिहिले : ‘१९२७. डॉ. आंबेडकर व हजारो माणसे चवदार तळ्याचे पाणी प्याली. पुढील शुद्धीच्या घागरी वाहणाऱ्यांत या वहीचे लेखक होते.’ जागा बरोबर पुरली. अण्णांनी ती मापूनच सोडली असावी.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी नातीने ते पान मोठ्याने वाचले. वाचून झाल्यावर तिने विचारले, “आजोबा, मग घागर जड होती का?”

“होती, बाळ,” मी म्हटले. “फार जड होती.”