वाड्यात संपादक, गडावर ग्रंथकार

पुण्यात लोकमान्य टिळकांचं घर विचारलं, की कोणीही नारायण पेठेतल्या केसरीवाड्याकडे बोट दाखवतो. तिथे जाणाऱ्याला टिळक माहीत असतात ते 'केसरी'चे संपादक, सार्वजनिक गणेशोत्सवाचे प्रवर्तक आणि राजद्रोहाच्या खटल्यातले आरोपी म्हणून. 'ओरायन', 'आर्क्टिक होम इन द वेदाज' आणि 'गीतारहस्य' लिहिणारे टिळक शाळेच्या पुस्तकात एका ओळीत उरकले जातात. या ग्रंथकाराचा माग घरांवरून काढायचा, तर शनिवार-रविवार पुरतो. एक दिवस पेठांत, एक सिंहगडावर.

सुरुवात सदाशिव पेठेतल्या विंचूरकर वाड्यापासून करावी. स्वतःचा वाडा घेण्याआधी टिळकांचं बिऱ्हाड इथे होतं. 1892 मध्ये स्वामी विवेकानंद त्यांच्याकडे उतरले ते याच वाड्यात. 1894 मध्ये टिळकांनी इथेच गणपती बसवला. वेदांचा काळ नक्षत्रांच्या उल्लेखांवरून ठरवू पाहणारं 'ओरायन' याच सुमाराचं, 1893 मधलं.

1905 मध्ये टिळकांनी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांकडून त्यांचा पुण्यातला वाडा विकत घेतला. गायकवाड वाड्याचा केसरीवाडा झाला तो तेव्हापासून. त्यांच्या वापरातल्या वस्तू आणि पत्रं इथे जपलेली आहेत. मादाम कामांनी 1907 मध्ये श्टुटगार्टला फडकवलेला झेंडाही इथेच आहे. मानाचा पाचवा गणपती इथलाच, त्यामुळे भाद्रपदात वाडा निवांत पाहायला मिळेल ही आशा सोडावी.

आता थोडा हिशोब. वाडा घेतल्यापासून 1 ऑगस्ट 1920 ला मुंबईच्या सरदारगृहात टिळकांचं निधन होईपर्यंत पंधरा वर्षं गेली. त्यातली जवळजवळ सहा मंडालेच्या तुरुंगात, एकाहून अधिक लंडनमध्ये, आणि उरलेल्यांतले कितीतरी महिने दौऱ्यांत. पुण्यात असले तरी अग्रलेखाची घाई, छापखान्याची कामं, कोर्टाची कागदपत्रं आणि दारात माणसांची रीघ. अशा घरात वर्तमानपत्र निघतं. हजारो पानं चाळून लिहायचा ग्रंथ निघत नाही.

म्हणून 'गीतारहस्य' लिहून झालं ते मंडालेत. जुलै 1908 मध्ये शिक्षा झाल्यावर टिळकांना तिथे लाकडी कोठडीत ठेवलं. पुस्तकं मागवायला परवानगी होती आणि बघता बघता ती शेकड्यांनी जमली. शाईची मात्र मनाई, म्हणून शिसपेन्सिल. वह्याही पानं मोजून मिळायच्या. 1910-11 च्या हिवाळ्यात काही महिन्यांत त्यांनी कच्चा खर्डा संपवला. तुरुंगात असतानाच 1912 मध्ये पत्नी सत्यभामाबाई पुण्यात वारल्या. जून 1914 मध्ये टिळक सुटले, पण वह्या सरकारनं तपासणीसाठी ठेवून घेतल्या होत्या. त्या परत मिळाल्या आणि 1915 मध्ये ग्रंथ छापून बाहेर आला. गीतेत कर्मयोग सांगितला आहे, असा ठाम पक्ष मांडणारा हा ग्रंथ सक्तीच्या रिकामपणात लिहिला गेला. सरकारला हे कळलं असतं, तर त्यानं टिळकांना पुण्यातच अग्रलेख लिहीत बसू दिलं असतं!

रविवारी सिंहगड. शहरापासून तीसेक किलोमीटरवरच्या या गडावर टिळकांचा बैठा बंगला आहे आणि त्यांच्या लेखनाशी याच घराचं नातं सगळ्यात जवळचं आहे. उन्हाळ्यात ते इथे येऊन राहत. आर्यांचं मूळ स्थान उत्तर ध्रुवाजवळ होतं, असा सिद्धान्त मांडणारा 'आर्क्टिक होम' 1903 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचं बरंचसं काम या बंगल्यातलं. पुढे अभ्यासकांनी हा सिद्धान्त मान्य केला नाही. तरी गडावरच्या या घरात बसून ध्रुवावरच्या लांबलचक उषेचा माग वेदांत काढणारा माणूस डोळ्यांसमोर आणावा, एवढी ही जागा खासच आहे.

बंगल्यात शिरता येईलच असं नाही. बाहेरून मात्र नीट दिसतो. गडावर येणारे बहुतेक जण पुणे दरवाजातून थेट तानाजीच्या स्मारकाकडे, तिथून पिठलं-भाकरी आणि मडक्यातल्या दह्याकडे वळतात. सकाळी लवकर आतकरवाडीच्या पायवाटेनं चढलं, तर गर्दीआधी बंगल्यापाशी थोडा वेळ थांबता येतं.

एवढ्यानं समाधान झालं नाही, तर पुढची सुट्टी रत्नागिरीला काढावी. 23 जुलै 1856 ला टिळक जन्मले ते घर तिथे टिळक आळीत स्मारक म्हणून जपलं आहे. लंडनला जाणाऱ्यांनी हाऊली प्लेसमधलं दहा नंबरचं घर पाहावं. चिरोल या इंग्रज पत्रकारावरच्या बदनामीच्या खटल्यासाठी गेलेले टिळक 1918-19 मध्ये तिथे राहत होते आणि त्या भिंतीवर त्यांच्या नावाची पाटी आहे.